डाक्टरांनी हात ठेवलेला शेअर

८ जुलै, सोमवार

गोचिडाच्या औषधाची कंपनी दरवर्षी आम्हाला एक डायरी देते. पानाच्या कोपऱ्यात फुगलेल्या गोचिडाचं चित्र. एरवी ही डायरी वनमाला दुधाचा रतीब मांडायला घेते, यंदा मी दवाखान्यात लपवून ठेवली. बायकोपासून लपवण्यासारखं बावीस वर्षांत पहिल्यांदाच काही केलं आहे. शेअर घेतला आहे.

पुढंमागं कुणी वाचलं तर कळावं म्हणून लिहितो. मी बिभीषण, दिंद्रुड आणि तेलगावच्या मधल्या आमच्या गावात जनावरांच्या दवाखान्यावर पशुधन पर्यवेक्षक आहे. लोक डाक्टर म्हणतात. मी दुरुस्ती करत नाही.

कंपनी चिप बनवणार आहे. 'बनवणार' हा शब्द महत्त्वाचा, कारण कारखाना अजून अर्धाच झालाय. दवाखान्यासमोरच्या हॉटेलात रोज सकाळी त्यावर चर्चा झडते. सेवा केंद्र चालवणारा पप्पू, माजी सरपंच भागवतराव आणि मी. तिघांनीही शेअर घेतलाय.

"कंपनीकडं जमीन किती हाय बे?" भागवतरावांनी आज पुन्हा विचारलं. त्यांना जमिनीशिवाय काही खरं वाटत नाही.

"तात्या, ह्ये जमिनीवर न्हाई, आर्डरीवर चालतंय," पप्पू म्हणाला. "मोबाईल, गाडी, फ्रीज, समद्यात चिप लागती. सरकार पैसा द्यायलंय."

"सरकार आमाला बी लई दिवसांपून द्यायलंय."

मग दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, ही पहिलारू कालवड समजा. अंग चांगलं हाय, चाल चांगली हाय, कास भरायली. पण दूध अजून कुणी बघितलेलं न्हाई. दोघांनी माना डोलावल्या. आपलं बोलणं लोकांना पटतं याचं सुख काही औरच. उगाच खोटं कशाला बोलू?

१७ जुलै

आमच्याकडं जनावर घ्यायला जाताना जाणता माणूस बरोबर नेतात. तो दात बघतो, कास दाबतो, चार पावलं चालवून बघतो. पसंत पडलं की जनावराच्या पाठीवर उजवा हात ठेवतो. त्यानंतरच घेणारा भावाचं बोलतो. जाणत्यानं हात ठेवला नाही तर जनावर फुकट दिलं तरी नको. गेली कित्येक वर्षं या पंचक्रोशीत तो हात माझा आहे. एक मुऱ्हा म्हैस सोडली तर हात खाली पडलेला नाही.

आज हॉटेलात राधाकिशन येऊन बसला. राधाकिशन मेंढपाळ, गावाबाहेरच्या माळावर त्याचा मेंढरांचा वाडा. शंभराच्या आसपास मेंढरं, दिवाळी झाली की ती घेऊन नवरा-बायको चार-पाच महिने रानोमाळ हिंडतात. त्यानं आमची चर्चा शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "डाक्टर, ही चिप म्हंजी आमच्या मेंढराच्या कानात तुमी बिल्ला मारता, तसलं काय का?"

"तसलंच समज. बारीक. आन् त्याला डोकं असतंय."

"मंग ठिवता का ह्याच्या पाठीवर हात?"

सगळे हसले. मीही हसलो आणि टेबलावरच्या पप्पूच्या मोबाईलवर, जिथं शेअरचा भाव हिरवा दिसत होता, त्यावर उजवा हात ठेवला. पप्पू म्हणाला, झाला सौदा. चहाचे पैसे भागवतरावांनी दिले.

२४ जुलै

राधाकिशननं तीस मेंढ्या विकल्या आणि पप्पूकडं खातं उघडून सगळ्या पैशाचा तो शेअर घेतला.

मला आज कळलं. पप्पू म्हणाला, "तुमी हात ठिवला म्हनून म्या काय इचारलंच न्हाई." मी म्हणालो, अरे ती मस्करी होती. तो म्हणाला, मस्करीत तुमी कधी हात ठिवता व्हय?

संध्याकाळी माळावर गेलो. भीती वाटत होती, पण खरं लिहायचं तर गुदगुल्याही होत होत्या. तीस मेंढ्या! माझ्या एका हातावर!

राधाकिशनची बायको बायनाबाई मेंढरांभोवती वाघुरीचं जाळं ओढून घेत होती. तिनं चहा टाकला. म्हणाली, "डाक्टर, मेंढरू झाडपाला खातंय, पानी पितंय, तवा वाढतंय. ह्ये तुमचं चिपवालं कशावर वाढतंय?"

"लोकांच्या भरवशावर," म्हणालो.

"आन् लोकांचा भरवसा कशावर वाढतो?"

राधाकिशन खेकसला, "तू गप बस, तुला काय कळतंय त्यातलं." तिला तीस मेंढ्या विकायच्या नव्हत्या हे मला तेव्हा कळलं. उरलेल्या मेंढ्यांकडं बघत ती म्हणाली, "तुमी हात ठिवला म्हनून म्या बोलले न्हाई. न्हाईतर बोलले असते." परत येताना भाव बघितला. वर होता. बरं वाटलं.

५ ऑगस्ट, सोमवार

आज जे झालं ते इथं तरी नीट लिहितो.

सकाळी बातम्या सुरू झाल्या की जगभरचे बाजार पडले. सव्वानऊला मी औषधाच्या खोलीत जाऊन कडी लावली आणि मोबाईल काढला. भाव खाली, अजून खाली. बाहेर एक गाय हंबरत होती, तिचा मालक दार वाजवत होता. मी सगळे विकून टाकले. सगळेच. थोडा तोटा झाला, पण गेलं ते थोडक्यात गेलं. मग दार उघडलं आणि गाईला सुई टोचली. पहिली वाकडी गेली, दुसरी घ्यावी लागली. मालक म्हणाला, डाक्टर, तब्येत बरी हाय ना?

त्याच वेळी राधाकिशनला निरोप धाडायला हवा होता. धाडला नाही. आधी म्हटलं, गर्दी कमी होऊ दे. मग म्हटलं, जेवण होऊ दे. खरी गोष्ट अशी की काय सांगायचं ते जुळत नव्हतं. मी पळालो, तूही पळ, असं?

दुपारी नवरा-बायको दोघं दवाखान्यात आले. राधाकिशनचा चेहरा काळवंडला होता. "डाक्टर, पप्पू म्हनतो लई पडलंय. इकू का?"

अजून विकता आलं असतं. घेणारे होते. आणि मी म्हणालो, "धरून ठिव. म्या बी धरूनच हाय."

कसं निघालं तोंडातून? बायनाबाई बघत होती म्हणून निघालं. तिच्या देखत 'मी सकाळीच विकले' म्हणायची लाज वाटली. म्हणून तिच्याच मेंढ्या पणाला लावल्या.

"तुमी धरून हाईत ना, मंग काय नाय," राधाकिशन म्हणाला आणि दोघं गेले.

६ ऑगस्ट

आणखी पडला. सकाळी पहिल्यांदा काय वाटलं तर सुटलो. ते लिहितानाही तोंड कडू होतंय.

१४ ऑगस्ट

आता खालचं सर्किट लागतंय. म्हणजे विकायला सगळे उभे आणि घ्यायला कुणी नाही. कंपनीला परदेशातून मशीनच आलं नाही अशी बातमी आहे. भागवतराव हॉटेलात येईनासे झालेत. आले तर म्हणतात, जमीन नव्हती ना, सांगत नव्हतो?

मी रस्ता बदलून जातो. माळावरून गेलं की दवाखाना जवळ पडतो, तरी वेशीकडून वळसा घालतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तरी बायनाबाई आज गाठ पडलीच. पोट फुगलेलं कोकरू घेऊन आली होती. मी औषध पाजलं, पोट चोळलं. कोकरू उभं राहिलं तेव्हा म्हणाली, "डाक्टर, तुमी लई वाळलात. तुमचं बी बुडालंच की आमच्यासंगं. जीवाला लावून घिऊ नका." आणि पिशवीतून खरवसाचा डबा काढून दिला.

मी घेतला. घरी गेल्यावर वनमालानं विचारलं, "हे कशाबद्दल?" मी म्हणालो, कोकरू वाचवलं. तिनं माझ्याकडं जरा बघितलं. "माणसाचे पैसे बुडाले तर त्याची झोप जाते. तुम्ही तर घोरता," म्हणाली आणि आत गेली. तिला शेअरचं कुणी सांगितलं कुणास ठाऊक. पप्पू असणार. बँकेचे मेसेज तिच्याच मोबाईलवर येतात, पण ती कुठं वाचत बसते.

खरवस मी एकट्यानं खाल्ला. वनमालानं चमचासुद्धा लावला नाही. साखर सोडली असेल.

२ सप्टेंबर, पोळा

मिरवणुकीत बैलांची शिंगं बघत फिरलो. राधाकिशन लांबून हात जोडून म्हणाला, "डाक्टर, आजून धरूनच हाय!" लोकांनी वळून बघितलं. मी मान हलवली.

२३ सप्टेंबर

शेअर वर आला आहे. नुसता वर नाही. मशीन आलं, मोठ्या मोटारकंपनीची ऑर्डर मिळाली, आणि रोज वरचं सर्किट. आता घ्यायला सगळे उभे आणि विकायला कुणी नाही. राधाकिशनचा पैसा दुपटीच्या जवळ गेलाय.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. माझ्या पापाचं त्याला पुण्य लागलं, असंच की. पण सकाळपासून दोनदा मोबाईल काढून, माझ्याकडं असते तर आज किती झाले असते, त्याचा गुणाकार केला. ज्याला बुडवलं तो तरला, आणि मी त्याच्यावर जळतोय. असला माणूस मी दुसऱ्या कुणात बघितला असता तर त्याच्या हातचा चहा प्यालो नसतो.

१२ ऑक्टोबर, दसरा

नको म्हणत होतो. भागवतरावांनी ऐकलं नाही. निवडणूक तोंडावर आहे, त्यांना रोज कुणाला तरी फेटा बांधायचा असतो. आज मारुतीच्या पारावर माझा सत्कार झाला. भागवतरावांनी भाषणात सांगितलं की आपल्या डाक्टरांची पारख जनावरापुरती नाही, ती देशाच्या तंत्रज्ञानापर्यंत पोचलेली आहे. त्यांनी स्वतःचे शेअर ऑगस्टमध्येच फुंकून टाकले होते, पण ते कुणाला आठवत नव्हतं.

मग राधाकिशननं माईक घेतला. त्याला बोलायची सवय नाही. म्हणाला, "पडत होतं तवा समदे पळाले. ह्यो मानूस पळाला न्हाई. सोताचं बुडायलं तरी मला म्हनला, धर, म्या बी धरून हाय. आसा मानूस गावात हाय म्हनून आमी उगड्यावर हिंडतो आन् गावाकडं परत येतो."

टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं गहिवरलो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण आत काय आहे ते मुठीला ठाऊक असतंच.

घरी आलो तर वनमाला फेट्याला हात लावेना. खुंटीलासुद्धा तिनं टांगला नाही, माझ्याच हातानं टांगावा लागला. रंग आवडला नसेल.

३१ ऑक्टोबर

गेल्या आठवड्यापासून राधाकिशन मागं लागला होता. आज घरी येऊन स्पष्टच म्हणाला. उरलेली सगळी मेंढरं विकून तोही पैसा चिपमध्ये टाकायचा. औंदा फिरायला जायचंच नाही. "बायनाचं गुडघं गेलं, डाक्टर. किती दिवस उन्हातान्हात हिंडवू तिला?" पाडवा झाला की सोमवारी व्यापाऱ्याचा टेम्पो येणार आहे. त्या दिवशी मी माळावर यायचं आणि हात ठेवायचा. या वेळी मेंढरावर नाही, चिपवर.

"बायनाबाई काय म्हनती?"

"ती न्हाई म्हनती. पर तुमी हात ठिवला तर बोलनार न्हाई."

मी आडून आडून सांगितलं. भाव लई वर गेलाय. पुन्हा पडंल. सगळं एका ठिकाणी घालू नये. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "डाक्टर, तुमी आमाला टाळायलात का? घावलंय त्ये एकट्यानंच खायचं हाय का?"

एवढ्या महिन्यांत त्यानं माझ्यावर पहिल्यांदा संशय घेतला, तोही मी त्याचं भलं बघायला गेलो तेव्हा. मला राग आला. मग राग येण्याची लाज वाटली.

सत्तर मेंढरं. ती गेली तर पुन्हा उभी राहायची नाहीत. शेअर पडला तर ही दोघं कुणाच्या तरी ऊसतोडीच्या टोळीत जाणार. मला तोंड उघडावं लागणार आहे. चार दिवस आहेत. देवा, टेम्पो बिघडू दे.

४ नोव्हेंबर, सोमवार

टेम्पो बिघडला नाही. मी पोचायच्या आधीच वाघुरीपाशी लागला होता आणि व्यापारी मेंढ्यांच्या पाठी दाबून बघत होता. पप्पूही मोबाईल घेऊन आला होता. त्याला मी गावात धाडून दिलं. त्याच्यासमोर सांगायचं माझ्यानं झालं नसतं. एवढं तरी स्वतःला वाचवलंच.

खोपटात तिघंच बसलो. चुलीवर चहा उकळत होता. मी म्हणालो, "राधाकिशन, म्या इकलते."

"काय इकलते?"

"माझे शेअर. पाच ऑगस्टला सकाळीच. तुमी दुपारी आलतात तवा माज्याकडं एक बी नव्हता."

तो हसला. "आता आमाला काटायला ह्ये काढलं व्हय?"

मी मोबाईल काढून विकल्याची नोंद दाखवली. त्याला अक्षर कमी येतं, पण आकडा आणि तारीख येते. त्यानं तारखेवर बोट ठेवून ती दोनदा वाचली.

"मंग आमाला धर कावून म्हनलात?"

"लाज वाटली."

"कशाची?"

"आदी पळालो त्याची."

"म्हंजी तुमची लाज झाकायला माजी मेंढरं घातली."

बायनाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

मला वाटलं होतं तो शिव्या देईल. मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. पण तो विचार करत होता. म्हणाला, "तुमी तवा खोटं बोललात आन् माजं भलं झालं. आज खरं बोलून मेंढरं इकू नको म्हनायलात. मंग म्या काय धरायचं? तुमच्या मनात खरं असतंय त्याच्या उलटं केलं की मला लाभतंय, आसंच झालं ना?" तो उठला आणि दारातून व्यापाऱ्याला ओरडला, "भरा!"

मी त्याच्या मागं धावलो, त्याचा दंड धरला, पाया पडतो म्हणालो. त्यानं हात झटकला. व्यापाऱ्याच्या माणसांनी पहिली मेंढी उचलली.

तेव्हा बायनाबाई बाहेर आली. गुडघ्यावर हात ठेवत, सावकाश. टेम्पोच्या फाळक्यासमोर जाऊन उभी राहिली. "खाली ठिवा तिला," म्हणाली.

"बाजूला हो," राधाकिशन म्हणाला.

"न्हाई व्हनार. तवा डाक्टरनी हात ठिवला म्हनून गप बसले. आता कुनाच्या हातासाटी गप बसू? माजं गुडघं माजं मी बघन. त्ये चिपवालं काढा आन् माजी तीस मेंढरं परत आना."

व्यापारी बडबडत निघून गेला. राधाकिशन खाली बसला आणि डोक्याला हात लावून राहिला. बायनाबाई माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता ती म्हणेल, उशिरा का होईना खरं सांगितलंत. मी त्या वाक्याची वाट बघत होतो, हेही लिहून ठेवतो.

"तुमच्या सांगन्यावरून न्हाई थांबवलं," ती म्हणाली. "जावा आता."

चहा चुलीवर आटून गेला होता. गावातून परत येणारा पप्पू वाटेत भेटला. त्यानं विचारलं, ठिवला का हात? मी म्हणालो, नाही.

९ नोव्हेंबर

राधाकिशननं शेअर विकून मेंढ्या परत घेतल्या. जुन्या सगळ्या मिळाल्या नाहीत, थोड्या नव्या आणल्या. शेअरचा भाव त्यानंतर काय झाला ते मी बघितलेलं नाही.

दोघांनी गावात एक अवाक्षर काढलं नाही. काल भागवतराव रस्त्यात भेटले, खांद्यावर हात टाकून म्हणाले, "डाक्टर, आता नवीन कंचा घ्यायचा?" लोक नमस्कार करतात. काढलं असतं अवाक्षर तर बरं झालं असतं, असं रोज वाटतं. आणि रोज मी स्वतःही काही बोलत नाही.

१४ नोव्हेंबर

आज त्यांचं बिऱ्हाड निघालं. पुढं घोडं, घोड्यावर भांडी आणि कोंबड्या, मागं कुत्रं, मग मेंढरं. दवाखान्यासमोरूनच रस्ता आहे. राधाकिशन पुढं होता, सरळ बघत गेला.

मागच्या बाजूला नव्यातली एक मेंढी पुढचा पाय उचलून चालत होती. खूर सडत होता, लांबूनच दिसलं. अशी चालली तर आठ दिवसांत कळपभर होईल. मी ओरडलो, "बायनाबाई, थांबा. ती लंगडायली. बघू द्या."

ती थांबली. मेंढीला धरून दवाखान्याच्या ओट्यापाशी आणली आणि पाय माझ्यापुढं केला. मी खूर कापला, धुतला, औषध भरलं, पट्टी बांधली. लांबवर चालायचं म्हणून औषधाची बाटली सोबत दिली, कसं लावायचं ते सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मी म्हणालो, गुडघ्याला शेक द्या. त्यालाही तिनं मान हलवली. मला वाटलं, काहीतरी परत जुळतंय.

मेंढी सोडून ती उभी राहिली आणि कनवटीची पिशवी काढून म्हणाली, "किती झाले?"

इतक्या वर्षांत या बाईनं मला कधी असं विचारलं नव्हतं. कधी दूध दिलं, कधी लोकर, कधी जेवायला बोलावलं, पण किती झाले, हे नाही. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तेलगावच्या दुकानदाराला विचारावं तसं तिनं विचारलं.

मी सरकारी फी सांगितली. तिनं सुट्टे पैसे मोजून ओट्यावर ठेवले आणि कळपामागं चालायला लागली. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. पैसे उचलून घेतले.